छोट्या ट्रॅक्टरचा हूक पुन्हा पुन्हा त्याच जागी तुटत असेल तर

ऑक्टोबर छाटणी झाली की पंधरा दिवसांत माझ्या शेडसमोर ट्रॅक्टर उभे राहायला लागतात. द्राक्षबागेतले छोटे ट्रॅक्टर, अठरा ते अठ्ठावीस एचपीचे, मागं ६०० लिटरच्या टाकीचा ओढायचा फवारणीचा ब्लोअर नाहीतर दोनचाकी ट्रॉली. तक्रार एकच असते: "मागच्या महिन्यातच वेल्डिंग केलं होतं, परत तिथंच गेलं." डावणीचं (डाउनी मिल्ड्यू या बुरशीरोगाचं) वातावरण असताना फवारणी एक दिवस पुढं गेली तर घड हातचे जातात. म्हणून माणूस मिळेल त्या वेल्डरकडून टाका मारून घेतो आणि परत बागेत शिरतो. ती घाई मला कळते. पण निफाड भागात अशी शेकडो कामं केल्यावर एक गोष्ट मी खात्रीनं सांगतो: हूक जिथं तुटतो तिथं दोष क्वचितच असतो. दोष बोल्टात असतो, पिनच्या मोकळिकीत असतो, नाहीतर टाकीच्या वजनात असतो. तो तसाच ठेवून तुटलेल्या जागी कितीही जाड पट्टी मारली तरी ती पुढच्या हंगामापर्यंत टिकत नाही.

हूक म्हणजे इथं मी ट्रॅक्टरच्या मागच्या हाउसिंगला (गिअरच्या पेटीला) बोल्टांनी बसवलेला ब्रॅकेट, त्याचा जबडा (ज्याच्या दोन पाट्यांमध्ये दांडीची कडी बसते) आणि पिन एवढं सगळं धरतो. अवजार उचलणाऱ्या खालच्या दोन लिंकांच्या मध्ये बसते ती भोकांची पट्टी वेगळी. तिच्याबद्दल पुढं बोलतो.

लक्षणं

हूक एका झटक्यात तुटल्यासारखा वाटतो, पण त्याआधी दोन-तीन आठवडे तो सांगत असतो.

क्लच सोडला की मागून "ठक्" आणि ब्रेक दाबला की परत "ठक्". पहिला आवाज ब्लोअरच्या किंवा ट्रॉलीच्या दांडीची कडी पिनला मागून ओढते त्याचा, दुसरा ती पुढं येऊन आदळते त्याचा. दोन्ही ऐकू येत असतील तर मोकळीक वाढली आहे.

ब्रॅकेटच्या बोल्टांच्या डोक्याभोवती लालसर तपकिरी भुकटी दिसते. पाऊस किंवा दव पडल्यावर ती गेरूसारखी खाली ओघळते. हा साधा गंज नाही. दोन लोखंडी भाग एकमेकांवर बारीक घासतात तेव्हाच अशी भुकटी निघते, म्हणजे बोल्ट सैल आहे. डोळ्यांना तो घट्ट दिसला तरी सैल आहे.

पिन काढताना हातोडी लागते. पिन वाकली आहे.

जबडा खाली झुकलेला दिसतो, किंवा रंगावर केसाएवढी रेघ दिसते आणि रेघेतून गंज डोकावतो. हा तडा.

बांधावर वळताना पीटीओ शाफ्टच्या (इंजिनाची ताकद मागच्या ब्लोअरला देणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) सांध्यातून नवा खडखडाट येतो. हूक झुकला की शाफ्टचा कोन बदलतो, म्हणून हा आवाज हूकच्या यादीत धरा. पीटीओ ५४० फेऱ्यांवर असेल तर शाफ्ट सेकंदाला नऊ वेळा फिरत असतो. हूक सुटला आणि शाफ्ट फिरत राहिला तर तो काय करील याची कल्पना करवत नाही.

बोल्टापाशी हाउसिंगवर तेलाचा ओलावा दिसला तर खालचं काही करत बसू नका. सरळ "इथं थांबा" या भागाकडं जा.

तपासणीला हात घालण्याआधी पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात. ब्लोअरच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा. दांडी सुटली की टाकी कुठल्या बाजूला कलंडेल ते आधी बघा. अर्धी भरलेली टाकी सोडवू नका, रिकामी करून घ्या.

पिन आणि भोक: पाच मिनिटं, खर्च शून्य

पिन काढून फडक्यानं पुसा आणि सपाट फरशीवर लोळवा. डगमगत लोळली तर वाकली आहे, फेकून द्या. मग तिच्यावर बोट फिरवा. जिथं कडी बसते तिथं बहुतेक वेळा घळ पडलेली असते, बोटाला लगेच लागते.

आता भोक. गोल आहे की लांबट? जबड्याच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही पाट्यांतलं भोक व्हर्नियरनं आडवं-उभं मोजा. पिन आणि भोक यांत दीड-दोन मिलिमीटर फरक मी चालवून घेतो. तीनच्या पुढं गेला की पिन बदलतो, आणि भोक लांबट झालं असेल तर लेथवर मोठं करून त्यात बुश (लोखंडी नळीचा तुकडा) बसवून घेतो. दांडीच्या कडीचंही असंच.

हे एवढं का? सरळ ओढताना कुठलाही हूक सहज टिकतो. त्याला मारतो तो दणका. मोकळीक जेवढी जास्त तेवढी दांडी वेग घेऊन आदळते, आणि दिवसभर बागेत पुढं-मागं करताना असे दणके हजारांत जातात. लोखंड एका मोठ्या ओढीपेक्षा अशा हजारो छोट्या दणक्यांनीच थकतं.

पिनच्या जागी जुना बोल्ट किंवा सळईचा तुकडा घातलेला असेल तर आजच काढा. बोल्टाचे आटे कानशीसारखं भोक खातात, आणि आट्यांपाशी बोल्ट बारीक असल्यानं तुटतोही तिथंच. पिनला खालून लॉक हवंच. तार गुंडाळणं म्हणजे लॉक नव्हे.

बोल्ट: पंधरा मिनिटं आणि एक पाना

गेल्या वर्षी शेजारच्या वस्तीवरचे एक काका तिसऱ्यांदा आले. मी विचारलं, "काका, ब्रॅकेटचे बोल्ट शेवटचे कधी आवळले?" ते म्हणाले, "बोल्ट कशाला आवळायचे? वेल्डिंग केलंय ना मजबूत." वेल्डिंग खरंच मजबूत होतं. पण चारपैकी दोन बोल्ट हातानं फिरत होते. सगळा भार उरलेल्या दोघांवर, तोही एकाच बाजूला, म्हणून पाटा पिळून दर वेळी डाव्या कोपऱ्यातच फाटत होता.

लोकांना वाटतं बोल्ट खुंटीसारखा भार अडवतो. तसं नाही. बोल्ट पाट्याला हाउसिंगवर इतकं आवळून धरतो की दोघांमधल्या घर्षणावर सगळी ओढ पेलली जाते. आवळ गेली की पाटा सरकतो, भोकं लांबट होतात, बोल्ट कातरला जातो. आणि पाट्याचा तडा जवळजवळ नेहमी बोल्टाच्या भोकाच्या कडेपासूनच सुरू होतो.

बोल्टाच्या डोक्यावरचा आकडा बघा. ८.८ किंवा १०.९ असा शिक्का हवा. ८.८ म्हणजे ताणाला सुमारे ८०० मेगापास्कलपर्यंत टिकणारं आणि त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत कायमचं न ताणलं जाणारं पोलाद. डोकं कोरं असेल किंवा ४.६ लिहिलं असेल तर तो शेडच्या पत्र्याचा बोल्ट आहे. हार्डवेअरच्या दुकानात मागताना "हायटेन्साइल" म्हणा, आणि घरी आणण्याआधी डोकं स्वतः बघा. कंपनीनं १०.९ दिला असेल तर त्याच्या जागी ८.८ लावू नका.

किती आवळायचं हे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असतं आणि तोच आकडा पहिला. पुस्तिका हरवली असेल तर ८.८ च्या बोल्टाला अंदाज असा: १२ मिलिमीटरला ८० न्यूटन-मीटरच्या आसपास, १४ ला १३०, १६ ला २००. टॉर्क पाना नसेल तर हिशोब साधा आहे. ८० न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला आठ किलो जोर, अर्धा मीटर दांड्याला सोळा किलो. पान्याला लांबलचक पाइप घालून अंगाचं वजन टाकू नका. हाउसिंग बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं असतं, त्यातले आटे एकदा गेले की काम मोठं होतं.

आवळून झाल्यावर प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून पाट्यापर्यंत पांढऱ्या ऑइलपेंटची एक सरळ रेघ ओढा. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. सकाळी डिझेल बघताना एक नजर मागं टाकली की कळतं. माझ्याकडची निम्मी कामं या रेघेमुळं टळली आहेत.

दांडीवर किती वजन येतं ते मोजा

हे फारसं कुणी करत नाही आणि सगळ्यात जास्त उलगडा इथंच होतो.

द्राक्षाचे क्रेट मोजायचा काटा प्रत्येक बागायतदाराकडं असतो. सपाट जागेवर टाकी भरा, चाकांना दगड लावा, दांडी ट्रॅक्टरपासून सोडवा आणि हूकच्या उंचीएवढ्या ठोकळ्यावर ठेवा, ठोकळ्याखाली काटा. दांडी एकदम सुटू देऊ नका, जॅकवर घेऊन सावकाश खाली आणा. पाय खाली नको. ठोकळ्याचं वजन वजा केलं की उरतं तेवढं वजन तुमच्या हूकवर रात्रंदिवस लटकलेलं असतं.

एका ब्लोअरची दांडी रिकाम्या टाकीला ३८ किलो भरली, भरलेल्या टाकीला १७२. वाफ्यातून, दगडावरून उसळताना क्षणभर हेच वजन कितीतरी पट होतं. अॅक्सल १५ सेंटिमीटर पुढं घेतला आणि तोच आकडा शंभराच्या आसपास आला. त्या ट्रॅक्टरच्या हूकला त्यानंतर हात लावावा लागलेला नाही. मी साधारण एकूण वजनाच्या दहा ते बारा टक्के दांडीवर येईल असं बघतो. पुस्तिकेत याहून कमी मर्यादा दिली असेल तर ती पाळायची. फार कमी करू नका, शून्याखाली तर मुळीच नाही. मागं वजन जास्त झालं की चढावर दांडी हूक वर उचलते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड जाते आणि पिन खालीवर ठोकते.

ट्रॉलीचं तर अगदी सोपं आहे. शेणखत नाहीतर क्रेट भरताना ढीग पुढं लागतो कारण भरणारी माणसं पुढून सुरुवात करतात. अॅक्सलच्या थोडंसं पुढं, बाकी सारखं, असं भरायला सांगा. फुकटचा उपाय.

टाकीबद्दल अजून एक. अर्धी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा हूकला जास्त त्रास देते. ३०० लिटर म्हणजे ३०० किलो पाणी. ब्रेक लागला की ते सगळं पुढच्या भिंतीवर जाऊन आदळतं, निघताना मागच्या. चांगल्या टाकीत आडवा पडदा असतो. झाकण उघडून टॉर्चनं बघा. पडदा नसेल, किंवा तुटून तळाशी पडला असेल, तर हूक का तुटतो हे तिथंच कळतं. फक्त बघा, आत वाकू नका. औषधाच्या टाकीत डोकं घालायचं नसतं.

दांडी जमिनीला समांतर आहे का हेही दुरून बघून घ्या. पुढं चढलेली किंवा उतरलेली असेल तर ओढ सरळ न राहता हूक वाकवते.

भोकांच्या पट्टीवरून ओढत असाल तर

बरेच जण हूकऐवजी खालच्या दोन लिंकांमधल्या भोकांच्या पट्टीला दांडी लावतात, कारण हायड्रॉलिकनं उंची जमवता येते. जड टाकीसाठी मला हे पटत नाही. लिंका लिफ्टवर लटकलेल्या असतात, प्रत्येक खड्ड्यात टाकीचं वजन लिफ्टच्या दांड्यांवर आणि आतल्या सिलिंडरवर जातं. शिवाय पट्टी वर उचललेली असताना ओढ उंचावरून बसते आणि ट्रॅक्टरचं नाक उचलतं. ट्रॅक्टर मागं उलटण्याचा धोका फार जुना आहे. नांगर दगडात अडकून ट्रॅक्टर मागं उलटायचे, त्यातूनच हॅरी फर्ग्युसन यांनी १९२० च्या दशकात आयर्लंडमध्ये तीन टोकांच्या जोडणीवर काम केलं, आणि आज आपल्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागं तीच जोडणी असते. ती अवजारासाठी आहे. वरच्या टॉप लिंकच्या ब्रॅकेटला साखळी लावून तर काहीच ओढायचं नाही, कधीच नाही.

पट्टी वापरायचीच असेल तर तिच्या पिना आणि बाजूच्या चेक चेन तपासा. छोट्या ट्रॅक्टरची जोडणी बहुधा पहिल्या श्रेणीची असते: खालच्या पिना २२ मिलिमीटर, वरची १९. मोठ्या ट्रॅक्टरची पट्टी किंवा अवजार जमवून लावलं असेल तर पिना भोकात खेळतात. चेन सैल असतील तर वळताना दोन्ही लिंका एका अंगाला जाऊन टायरला लागतात आणि पट्टीची टोकं पिळतात. चेन दोन्हीकडून सारख्या आवळा, थोडीशी हालचाल राहू द्या.

तडा शोधणं

इथपर्यंत तपासायला पैसे लागले नाहीत. आता एक तास आणि घासकाम.

ब्रॅकेट उतरवा. उतरवल्याशिवाय मागची बाजू दिसत नाही, आणि निम्मे तडे तिथंच असतात. तारेच्या ब्रशनं रंग, माती, औषधाचा थर सगळं काढा. मास्क लावा, हा थर बोर्डोचा (मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्याचा), गंधकाचा, कशाकशाचा असतो.

मग जुनी पद्धत. स्वच्छ केलेल्या जागेवर रॉकेल किंवा डिझेल लावा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, फडक्यानं कोरडं पुसा. वरून खडूची पूड चोळा आणि हातोडीच्या दांड्यानं हलके ठोका. तड्यात मुरलेलं तेल वर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळपट ओली रेघ उमटते. पहिल्यांदा बघाल तेव्हा आश्चर्य वाटेल, कारण डोळ्यांना जिथं काही दिसत नव्हतं तिथून रेघ निघते, आणि दिसणाऱ्या तड्याच्या पुढंही दोन-तीन सेंटिमीटर जाते. लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर अशा स्प्रेचे डबे मिळतात. तत्त्व तेच, बारीक तडे जास्त स्वच्छ दिसतात.

बोल्टांच्या भोकांच्या कडा, जुन्या वेल्डिंगची किनार आणि पाटा जिथं वाकवलेला आहे तो आतला कोपरा, या तीन जागा आधी बघा.

वेल्डिंग करण्याआधी: हे पोलाद आहे का बीड?

ग्राइंडर एका कडेला हलका टेकवा. साधं पोलाद असेल तर ठिणग्या लांब, पिवळ्या-पांढऱ्या आणि फुटणाऱ्या निघतात. बीड असेल तर आखूड, मंद लालसर. ड्रिल मारून बघितलं तर पोलादाची गुंडाळी निघते, बिडाचा काळा भुगा. बीड निघालं तर साध्या रॉडनं वेल्डिंग करू नका, ते थंड होताना टाक्याच्या बाजूनं परत चिरतं. नवा भाग आणा.

पिन, घडीव जबडा, खालच्या लिंका हे मी वेल्डिंग करत नाही. ते उष्णता देऊन घडवलेलं, कडक केलेलं पोलाद असतं, टाक्याच्या आचेनं त्याचा गुणच जातो. लिंक वाकली म्हणून ती भट्टीत तापवून सरळ करणारेही भेटतात. ती सरळ दिसते, पण पहिल्यासारखी राहत नाही.

उरला तो पाट्याचा ब्रॅकेट. तो दुरुस्त होतो.

दुरुस्ती आणि मजबुती

वेल्डिंग ब्रॅकेट उतरवूनच करा. ट्रॅक्टरवर बसलेला असताना करायची वेळ आलीच तर बॅटरीच्या तारा काढा आणि अर्थिंगची क्लिप टाक्याच्या अगदी जवळ, घासलेल्या जागेवर लावा. क्लिप पुढं बोनेटला लावली तर करंट बेअरिंगांमधून जातो आणि त्यांवर डाग पाडतो. तो खर्च सहा महिन्यांनी समोर येतो.

तड्याच्या दोन्ही टोकांना, खडूनं जिथपर्यंत दाखवलं त्याच्या किंचित पुढं, ४-५ मिलिमीटरचं भोक पाडा. तड्याचं टोक सुईसारखं टोकदार असतं आणि सगळा ताण तिथं गोळा होतो. गोल भोकानं तो पसरतो. मग तडा ग्राइंडरनं इंग्रजी व्हीसारखा खोल उघडा, जवळजवळ आरपार. वरून नुसती माळ ओढली तर आत तडा तसाच राहतो, आणि परत आलेल्या कामांत हेच सर्वांत जास्त दिसतं.

द्राक्षबागेतल्या हूकबाबत एक खास गोष्ट आहे, जी बाहेरच्या वेल्डरला माहीत नसते. आपल्या हूकवर गंधक आणि मोरचूद बसलेलं असतं. गंधक वितळत्या पोलादात गेलं की टाका थंड होताना आतल्या आत फाटतो. मोरचुदातलं तांबंही तसंच करतं. म्हणून टाक्याच्या दोन्ही बाजूंना किमान तीन बोटं जागा चकचकीत होईपर्यंत घासायची. मी आधी गरम पाणी आणि सोड्यानं धुतो, वाळवतो, मग घासतो. वेल्डिंग उघड्यावर, धूर तोंडावर येणार नाही असं उभं राहून.

वेल्डिंगचा रॉड ७०१८ चा वापरा. ६०१३ चालवायला सोपा असतो म्हणून सगळे तोच वापरतात, गेट-खिडक्यांना तो ठीक आहे. ७०१८ चा टाका दणके जास्त सोसतो, पण रॉड कोरडा हवा. उघड्या पुड्यात पावसाळाभर पडलेला ७०१८ ओल धरतो आणि त्याचा सगळा फायदा जातो. नवा बंद पुडा फोडा. इन्व्हर्टर मशीनवर रॉड पॉझिटिव्हला, ३.१५ मिलिमीटरला साधारण ११० ते १३० अँपिअर. पुड्यावरचा आकडा बघून जमवा.

छोट्या छोट्या माळा, एकदा इकडं एकदा तिकडं, प्रत्येक माळेवरचा स्लॅग (काचेसारखी खपली) पूर्ण काढून मगच पुढची. दोन्ही बाजूंनी. झालं की बादलीत बुडवू नका. "लवकर जायचंय" म्हणून लालभडक टाक्यावर पाणी मारलेलं मी बघितलंय. असा टाका काचेसारखा ठिसूळ होऊ शकतो. राखेत किंवा कोरड्या मातीत झाकून गार होऊ द्या.

आता मजबुती. इथं बहुतेक जण चुकतात. पट्टीची जाडी दुप्पट केली की ती वाकायला आठपट अवघड होते. ऐकायला छान वाटतं. पण तुटलेल्या जागी चार सुती (अर्धा इंच जाड) चौकोनी ठिगळ मारलं की तेवढा भाग दगड होतो आणि सगळं वाकणं ठिगळाच्या कडेवर येऊन थांबतं. पुढचा तडा बरोबर तिथून, सरळ रेषेत, ठिगळाच्या कडेनं जातो. वर सांगितलेल्या काकांच्या ब्रॅकेटवर अशी तीन ठिगळं एकावर एक होती. शेवटी पाटा तुटेना, तर हाउसिंगच चिरलं.

म्हणून ठिगळ लावायचंच तर पतंगाच्या आकाराचं, टोकं निमुळती, आणि निमुळत्या टोकाशी आडवा टाका मारायचा नाही. लांबीच्या बाजूंनी मारून टोकाच्या थोडं आधी थांबायचं. त्याहून चांगलं म्हणजे जबडा आणि पाटा यांच्या कोपऱ्यात दोन्ही बाजूंना तीन सुती पट्टीचे त्रिकोण. त्रिकोणाचा आतला कोपरा छाटून घ्या, म्हणजे जुन्या टाक्यावर नवा टाका चढत नाही. दोन्ही बाजू सारख्या हव्यात. एकाच बाजूला त्रिकोण लावला तर पाटा पिळतो.

ब्रॅकेटचा पाटा हाउसिंगवर सपाट बसतो का हे वेल्डिंगनंतर फरशीवर ठेवून बघा. आचेनं तो बाकदार होतो. बाकदार पाटा बोल्टांनी ओढून बसवला तर ट्रॅक्टर निघण्याआधीच हाउसिंगवर ताण बसलेला असतो. मागून ग्राइंडरनं किंवा मशिनिंग करून सपाट करून घ्या. पाट्यामागचा रंगही काढा. रंगाचा थर हळूहळू दबतो आणि बोल्ट सैल होतात.

इथं थांबा

पुढच्या गोष्टींत शेडमध्ये किंवा गावातल्या वेल्डरकडं काम करू नका, ट्रॅक्टरच्या जाणत्या मेकॅनिकला किंवा कंपनीच्या वर्कशॉपला दाखवा.

हाउसिंगला तडा किंवा बोल्टापाशी तेल. ते तेल गिअर आणि हायड्रॉलिकचं असतं, आणि मागचं हाउसिंग हाच छोट्या ट्रॅक्टरचा कणा आहे. वरून एम-सील लावून तेल थांबतं, तडा थांबत नाही.

हाउसिंगमधले आटे गेलेले. एखाद्या भोकात जाणता माणूस हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवू शकतो. एकाहून जास्त गेले असतील तर हाउसिंग उतरवून बघावं लागतं. वेल्डिंग करून बोल्ट चिकटवू नका.

लिफ्टचा दांडा, त्याचा आडवा शाफ्ट किंवा सिलिंडर यांना मार लागलेला असेल. दाबाखालचं तेल कातडी फोडून आत जाऊ शकतं. गळती हातानं शोधायची नाही, पुठ्ठा धरून बघायची.

हूक तुटताना पीटीओ शाफ्ट ओढला गेला असेल. आतलं बेअरिंग आणि सील बघितल्याशिवाय पीटीओ सुरू करू नका.

ट्रॅक्टर वॉरंटीत असेल. आधी कळवा, मग हात लावा.

आणि वरचं सगळं करूनही एकाच जागी दुसऱ्यांदा तडा आला, तर तिसरं वेल्डिंग नको. नवा ब्रॅकेट घ्या. ट्रॉली रस्त्यानं जात असेल, मालाची असेल, तर पहिल्याच मोठ्या तड्याला नवा घ्या आणि दांडीपासून ट्रॅक्टरपर्यंत जाड साखळी लावा. पिन निसटली तरी ट्रॉली उतारानं मोकळी सुटणार नाही.

बसवल्यावर

पहिली फेरी रिकाम्या टाकीनं, सपाट रस्त्यावर. दुसरी पाणी भरून बागेबाहेर. औषध तिसऱ्या फेरीला. पहिल्या तासानंतर बोल्ट परत आवळा, कारण नवे पृष्ठभाग बसतात आणि आवळ थोडी जाते. रंगाची रेघ त्यानंतरच ओढा. दहा-बारा तासांच्या कामानंतर तेल आणि खडू घेऊन ती जागा एकदा परत बघा. तोपर्यंत फक्त प्रायमर ठेवा. रेघ उमटली नाही तर रंग मारा, आणि तो पिवळा किंवा पांढरा घ्या. काळ्या रंगावर तडा दिसायला महिना जातो, पांढऱ्यावर गंजाची रेघ पहिल्या दिवशी दिसते.